पंडरीतली रविवारची खोली

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी साडेबारा वाजता, आम्ही देवानंदला निरोप दिला. लाकडं, गाडी, पांढरं कापड आणि फुलं मिळून अकरा हजार दोनशे रुपये लागले. ते मी आणि त्याच्या नागपूरच्या मोठ्या भावानं निम्मे निम्मे दिले. हजर माणसं सदतीस. मोजायचं काही कारण नव्हतं, पण सरकारी लेखा विभागात सव्वीस वर्षं काढल्यावर माणूस कुठंही उभा राहिला तरी डोळे मोजत राहतात. सदतीसपैकी तेहतीस आमचीच होती : वस्तीतली, रेल्वेतली, नात्यातली. उरलेली चार फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभी होती. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा त्या चौघांनी बाकीच्यांचं बघून हात जोडले, आणि संपलं तेव्हाही बाकीच्यांचं बघूनच सोडले.

"हे कोण होत?" देवानंदच्या मोठ्या भावानं मला विचारलं. "दारूचे यार दिसून राहिले. मेल्यावर तरी पिच्छा सोडा म्हणा त्याचा." ते हळूच बोलले होते, पण स्मशानात हळू बोललेलंही लांब जातं. चौघांतल्या वयस्क माणसानं मान खाली घातली. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हटलं, भैया, पुढे या, शेवटचं दर्शन घ्या. ते छत्तीसगढीत म्हणाले, "नइ भैया, हमन इहें ठीक हन." आम्ही इथंच बरे... तेहतिसांपैकी मला आणि वस्तीतल्या मोजक्यांनाच माहीत होतं की ज्यांना दारूचे यार म्हटलं गेलं, त्याच चौघांसोबत देवानंद न पिता बसायला शिकला होता. बाकीच्यांना ते माहीत नव्हतं, कारण ते कोणाला सांगायचं नसतं असाच त्यांचा नियम आहे. त्या वयस्क गृहस्थांना विचारूनच हे लिहीत आहे. गेलेल्या माणसाचं नाव लिहायला त्यांची हरकत नव्हती, जिवंत माणसांची होती. म्हणून त्यांना मी इथं सियाराम भैया म्हणतो. हे त्यांचं नाव नाही.

देवानंद आधी माझा मित्र आणि नंतर जावई, आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्यालाही जावईच म्हणतात. आमचे दोघांचेही वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत इथं रायपूरला आले आणि एकाच लायनीतल्या क्वार्टरांत आम्ही वाढलो. तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर लागला, मी परीक्षा देऊन लेखा विभागात गेलो. माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला, त्यानं मागणी घातली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. लग्नानंतर मी त्याला चारचौघांत 'जावई, तुम्ही' म्हणायचो आणि दोघंच असलो की 'देवा, तू'. तो मला दोन्हीकडे भाऊच म्हणायचा. हात फार चांगला होता त्याचा. आमच्या घरातला पंखा, मिक्सर, माझ्या स्कूटरचा ब्रेक, काही बिघडलं की त्याला निरोप जायचा आणि तो पाना घेऊन हजर व्हायचा. नंतर नंतर निरोप जाणं बंद झालं, कारण येईल तेव्हा कसा येईल याचा भरवसा उरला नाही.

पिणं कधी सुरू झालं हे सांगणं कठीण आहे. कधी वाढलं ते सांगता येतं : त्याची आई गेली त्या वर्षी. तो दंगा करणारा नव्हता. शालूवर हात उगारला असं एकदाही घडलं नाही. तो फक्त नसायचा. पगाराच्या दिवशी नसायचा, मुलीच्या शाळेत बोलावलं तर नसायचा, आणि घरी असला तरी नसायचा. आमच्या समाजात लग्न असो, बारसं असो, घर घेतलेलं असो, कोणत्याही कार्याची सुरुवात पंचशिलानं होते. त्यातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. देवानंद माझ्या शेजारी उभा राहून चार शिलं खणखणीत आवाजात म्हणायचा आणि पाचव्याला गप्प व्हायचा. लोकांच्या लक्षात यायचं नाही, माझ्या यायचं. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "खोटं बोलाची मनाई चौथ्यात आली ना भाऊ. मंग लगेच पाचव्यात खोटं कसा बोलू?"

उपाय झाले. विहारात सगळ्यांसमोर त्याच्याकडून वचन घेतलं गेलं, ते सतरा दिवस टिकलं. शहराबाहेरच्या एका केंद्रात त्याला तीन महिने ठेवलं. तिथून तो वजन वाढवून आला आणि आठवड्याच्या आत कारखान्याच्या फाटकावरून घरी येताना वाट चुकला. मग सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं पहिल्यांदा वेगळी गोष्ट सांगितली. "दवा मैं लिख दूँगा," तो म्हणाला, "पर अकेले नहीं होगा इनसे. जो खुद छोड़ चुके हैं, ऐसे लोगों का ग्रुप ढूँढिए. हर हफ्ते मिलते हैं, पैसा नहीं लगता." कुठं मिळतात, हे त्यालाही माहीत नव्हतं. म्हणाला, शहरात आहे नक्की, तुम्ही शोधा.

शोधायला आम्हाला दीड महिना लागला. मोबाइलवर तीन नंबर सापडले. एक बंद होता, दुसरा नुसता वाजत राहायचा, तिसरा बिलासपूरच्या एका गृहस्थांनी उचलला आणि सांगितलं, रायपूरचे लोक रविवारी तेलीबांध्याकडे बसतात, तलावाच्या आसपास विचारा. पण विचारायचं तरी काय? दोन रविवार आम्ही नुसतेच तलावाला फेरी मारून आलो. तिसऱ्या रविवारी देवानंदनंच धीर केला आणि एका पानठेल्यावाल्याला विचारलं, भैया, इथं ते दारू सोडणारे लोक बसतात म्हणे, कुठं? ठेलेवाल्यानं त्याला खालून वर पाहिलं. "दरुहा मन के बइठका? भट्टी ओ डहर हे भैया, मोड़ के पाछू." दारुड्यांची बैठक ना, भट्टी तिकडे, वळणामागे. इकडे सरकारी दारू दुकानाला भट्टी म्हणतात, आणि पिणारा विचारतोय म्हणजे तेच विचारत असणार, असं त्यानं धरलं. देवानंद हसायला लागला. बऱ्याच वर्षांनी त्याला असं पोट धरून हसताना पाहिलं. "भाऊ, यानं तं बरोबर वळखलं मले! डॉक्टरले जे एका महिन्यात समजलं नाही ते यानं एका नजरेत सांगितलं."

शेवटी एका नव्या इमारतीच्या चौकीदारानं सांगितलं. "वो लोग? यहीं क्लब हाउस में बैठते थे. सोसायटी ने मना कर दिया, बोले माहौल खराब होता है. अब पंडरी में बैठते हैं, कपड़ा मार्केट में." पंडरीचा ठोक कापडबाजार रविवारी बंद असतो. सगळी शटरं खाली, गल्लीत माणूस नाही. तिसऱ्या गल्लीत एका दुकानाच्या बाजूनं जिना वर जात होता आणि जिन्याच्या तोंडाशी चपला-बुटांचे आठ जोड होते. ते पाहून देवानंद थबकला. "भाऊ, तू बी चाल ना आत." मी वर जाऊन दार ढकललं. सियाराम भैया दाराशीच बसले होते, अभनपूरकडचे शेतकरी, पांढरा सदरा, कानाला मफलर. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "आप पीथव का?" मी म्हटलं, नाही, कधीच नाही. "त आप बाहिर बइठव भैया," असं म्हणून त्यांनी देवानंदच्या हाताला धरलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून दहा महिने मी रविवारी पाच ते सहा त्या जिन्यावर बसलो. वरच्या पायऱ्यांवर कापडाचे गठ्ठे रचलेले असत आणि तिथं नव्या कापडाच्या खळीचा वास असे. आतलं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पण हसणं ऐकू यायचं. दारू सोडणाऱ्यांच्या खोलीतून इतकं हसू बाहेर येईल, असं मला वाटलं नव्हतं. ती खोली ज्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या वर होती तो स्वतः त्या आठांपैकी एक होता, आणि हे बाजारात कोणालाही माहीत नव्हतं. शेजारच्यांना तो सांगायचा, रविवारी माल मोजायचा असतो. आत सगळे फक्त पहिल्या नावाचे. देवानंद एकदा परत येताना म्हणाला, "तिथं मले कोणी गजभिये म्हणत नाही, जावई म्हणत नाही, फिटर म्हणत नाही. कोणाले माहीत नाही का मी कोणाच्या घरचा होय. मंग बोलता येते भाऊ. तुह्यासमोर बी नाही येत तेवढं."

मी त्याला विचारलं, शेवटी तिथं करता तरी काय? त्यानं सांगितलं की आयुष्यभराचं कोणी विचारत नाही. सियाराम भैया म्हणतात, आज भर नइ पीना हे, काली के बात काली. फक्त आज प्यायची नाही, उद्याचं उद्या. इतक्या साध्या गोष्टीनं कोणी सुधारत असेल यावर माझा विश्वास बसला नसता, पण चौथ्या महिन्यात माझ्या बायकोच्या भावाकडे बारसं होतं. पंचशील सुरू झालं. मी सवयीनं पाचव्या शिलाला कान दिला... आणि शेजारून त्याचा आवाज आला. पुटपुटल्यासारखा, पण आला. आणि शेवटी त्यानं आपल्या पदरचं एक बारीकसं 'आजपुरतं' जोडलं. मी वळून पाहिलं तर तो समोर पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

घर बदलायला लागलं. तो दिसायला लागला. स्नेहा, त्याची मुलगी, कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत येतं. एके दिवशी तिनं मला फोन केला, "मामा, पापा ने कूलर ठीक कर दिया. खुद से. किसी ने बोला भी नहीं था." एवढं सांगायलाच फोन होता. शालूचं तर काय सांगू... वीस वर्षं ती कोणत्याही कार्यात मागच्या खुर्चीवर बसत आली होती. आता पुढे बसायला लागली. आणि माणूस पुढे बसायला लागला की त्याला बोलावंसंही वाटतं. विहारातल्या महिला मंडळात तिनं सांगितलं की आमच्या ह्यांनी सोडली, दहा महिने झाले.

आमच्या मंडळाचे सचिव मेश्रामकाका. निवृत्त मुख्याध्यापक, वय सत्तरीच्या पुढे, वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या फिया त्यांनी भरलेल्या. त्यांच्या मनात कोणाबद्दल वाकडं नाही. त्यांना ही बातमी कळली आणि त्यांनी ठरवलं की पौर्णिमेच्या कार्यक्रमात देवानंदचा सत्कार करायचा. आपल्या लोकांना सत्काराचं फार. पोरगी बारावी झाली, सत्कार. कोणी निवृत्त झाला, सत्कार. चांगलं काही झालं की शाल हवी, हार हवा आणि माइक हवा, त्याशिवाय ते झाल्यासारखं वाटत नाही. देवानंद नाही म्हणाला. मीही काकांना सांगितलं की त्या लोकांमध्ये हे चालत नाही, नाव बाहेर काढत नाहीत. काका म्हणाले, "अरे, पिऊन नालीत पडला तवा साऱ्या वस्तीनं पाहिलं. तवा नाव बाहेर नव्हतं का? आता चांगलं केलं तं लपवाचं काहून?"  आणि शालू म्हणाली, "दादा, आयुष्यभर मान खाली घालून चालली मी. एक दिवस तं वर करू दे ना."  तिच्यासाठी देवानंद कबूल झाला.

कार्यक्रम छान झाला असंच म्हणावं लागेल. शाल, गुलाबांचा हार, चौकटीतलं मानपत्र. सगळी वस्ती टाळ्या वाजवत होती आणि शालू रडत होती. मग काकांनी त्याला माइकपुढे उभं केलं आणि म्हणाले, आता देवानंदभाऊ आपल्यासमोर पाचवं शील एकट्यानं म्हणतील आणि ते आजन्म पाळण्याचा निर्धार करतील. त्यानं शील म्हटलं. त्यापुढे 'आजन्म' हा शब्दही म्हटला. परत येताना तो गाडीवर माझ्या मागे बसला होता. घर आलं तेव्हा म्हणाला, "आजपुरतं म्हणू देले असते तं निभलं असतं भाऊ. आता हे एवढं मोठं कुठं ठेवू मी?"

पण खरं नुकसान पुढच्या रविवारी झालं. काकांना वाटलं, ज्यांनी आपल्या माणसाला वाचवलं त्यांचे आभार मानायला नकोत का? पंडरीचा पत्ता त्यांना स्नेहाकडून मिळाला, एकदोनदा ती बापाला स्कूटीनं सोडून गेली होती. साडेपाचला मी जिन्यावर बसलेलो असताना खालून काका आले. सोबत मंडळाचे चार लोक, हातात फुलांचे हार, आणि एकाच्या हातात फोटोसाठी मोबाइल. मी उठून आडवा झालो. "काका, आत जाता येत नाही. मला सुद्धा नाही." काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बाहेर बसून राहिला म्हणून आम्ही बी बसाचं का? चांगल्या कामाले कायची लाज, बापा!" आणि ते प्रेमानं मला बाजूला करून वर गेले.

दार उघडलं. देवानंद धरून आत नऊ माणसं गोल करून बसली होती आणि एकजण बोलत होता. तो मध्येच थांबला. काकांनी हिंदीत दोन वाक्यं म्हटली, आप लोगों का हम पर बड़ा उपकार है, आणि जवळ बसलेल्या सियाराम भैयांच्या गळ्यात हार घातला. मोबाइलचा उजेड पडला. एका माणसानं रुमाल काढून तोंडावर धरला. दुसरा उठला, माझ्या अंगावरून खाली गेला आणि बूट हातात घेऊन तसाच अनवाणी निघाला. दुकानवाला व्यापारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कोणी रागानं एक शब्द बोललं नाही. सियाराम भैया हार गळ्यात असताना बसूनच राहिले, आणि देवानंद त्यांच्याकडे पाहत होता. त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो फोटो तासाभरात वस्तीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून आणखी कुठं कुठं. फोटोत मागच्या भिंतीवर दुकानाच्या नावाचं कॅलेंडर स्वच्छ दिसत होतं. मी काकांच्या घरी जाऊन समजावलं तेव्हा त्यांनी तो काढून टाकला आणि लहान मुलासारखे रडले. "मले काय माहीत बापा... मी तं फुलं घेऊन गेलो होतो."

पुढच्या रविवारी जिन्याच्या दाराला नवं कुलूप होतं. व्यापाऱ्यानं कोणाला काही सांगितलं नाही, फोनही उचलला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याला त्याच बाजारात रोज दुकान उघडायचं होतं. कुलपासमोर सहा जण जमले होते. त्यांतलंही कोणी देवानंदला काही बोललं नाही, सियाराम भैया उलट म्हणाले, चलव, कहूँ अउ बइठबो. कुठंतरी दुसरीकडे बसू. ते तेलीबांधा तलावाच्या काठावर बसायला लागले. पण तिथं संध्याकाळी घरोघरची माणसं फिरायला येतात, गाणी लागतात, पोरं फोटो काढतात. आपण बायकोचं मंगळसूत्र कसं विकलं हे माणूस तिथं कसा सांगेल? सहाचे पाच झाले, पाचाचे चार.

मग आम्ही दोघं खोली शोधायला लागलो. पहिल्यांदा समूह शोधायला जितकं फिरलो त्याच्या दुप्पट आता फिरलो. एक शाळा, दोन सामाजिक भवनं, एक शिकवणी वर्ग, एक बंद पडलेलं क्लिनिक. सगळीकडे एकच प्रश्न, किस चीज़ की मीटिंग? खरं सांगितलं की खोली नसायची. खोटं सांगायला देवानंद तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. मेश्रामकाकांनी विहाराचा हॉल देऊ केला, फुकट, दर रविवारी. पण त्यांच्या डोक्यात बाहेर 'व्यसनमुक्ती केंद्र' अशी पाटी लावायचं होतं. पाटी नको म्हटलं तरी काय, त्या हॉलसमोरच्या ओट्यावर अख्खी वस्ती बसलेली असते... एका खोलीबाहेर पडताना देवानंद म्हणाला, "भाऊ, साऱ्या रायपुरात दारू प्याले जागा आहे, नाही प्याले नाही."  आठ दिवसांनी तो तलावावर जायचा थांबला. मी विचारलं तर म्हणाला, "त्या आठ लोकाईची खोली माह्या हारापाई गेली. कोणत्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, अरे, ते तर काहीच म्हणत नाहीत. "म्हणूनच," तो म्हणाला.

त्यानंतर महिन्याभरात त्यानं पुन्हा घेतली. या वेळी लपून, कारण आता भिंतीवर मानपत्र होतं. वस्तीत कोणी विचारलं की तो हात जोडून म्हणायचा, मस्त आहे. पूर्वी पिऊन आला की सगळ्यांना कळायचं, कोणीतरी हात धरून घरी आणायचं. आता ती सोयही राहिली नाही. शालूला कळलं होतं पण तीही बोलली नाही, तिला पुढची खुर्ची पुन्हा सोडायची नव्हती. सियाराम भैया दोनदा अभनपूरहून बस करून त्याच्या कारखान्याच्या फाटकावर येऊन उभे राहिले. तो मागच्या फाटकानं निघून गेला. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की यकृत आता एकही चूक सहन करणार नाही. तसंच झालं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा त्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन फक्त मान हलवली.

शेवटची भेट मंगळवारी. मी डबा घेऊन गेलो होतो, त्याच्यासाठी नाही, शालूसाठी. तो ग्लानीत होता. मध्येच डोळे उघडून म्हणाला, "आज रविवार होय का?" मी म्हटलं, नाही रे, मंगळवार. "मंग ठीक आहे," म्हणाला, आणि डोळे मिटले. गुरुवारी पहाटे गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मेश्रामकाका बोलायला उभे राहिले आणि एकही वाक्य पुरं करू शकले नाहीत. मोठ्या भावानं मला नंतर विचारलं, काका एवढे का रडत होते? मी सांगितलं नाही. आमच्याकडे गेलेल्याच्या नावानं दान देतात. विहाराला पाच हजार दिले, ते माइकवर जाहीर झाले. शालू म्हणाली, आणखी पाच हजार मला त्याच्या त्या माणसांना द्यायचे आहेत, मला घेऊन चल.

म्हणून गेल्या रविवारी मी तिला तेलीबांध्याला नेलं. तलावाच्या पलीकडच्या टोकाला, जिथं दिवे कमी आहेत, तिथल्या चहाच्या टपरीवर ते चौघं उभे होते. शालूनं पाकीट पुढे केलं. सियाराम भैयांनी दोन्ही हात मागे घेतले. "नइ दीदी. बाहिर के पइसा हमन नइ लेवन. जेन बइठथे, तेनेच देथे." जो बसतो त्याचेच पैसे चालतात. मी म्हटलं, देवानंद बसत होता ना? त्यांनी थोडा विचार केला. "हव, बइठत रिहिस. फेर ओ अब देवइया नइ ए." बसायचा, पण आता देणारा तो नाही. मग मी खोलीचं विचारलं. ते म्हणाले, खोली मिळाली नाही, आता शोधतही नाही. दोघं उरलो तरी बसता येतं.

शालूनं पाकीट परत पर्समध्ये ठेवलं. चहा आला. तिनं ग्लास हातात धरला आणि सियाराम भैयांना विचारलं, "वो यहाँ आपके पास क्या बोलते थे? मेरे बारे में कभी कुछ बोला?" मला ते उत्तर ऐकायची फार इच्छा होती. वीस वर्षं तिनं ज्याची वाट पाहिली ते कदाचित या माणसाजवळ होतं. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग तलावाकडे पाहिलं. "ओ ला उहेंच छोड़ के आथन दीदी," ते म्हणाले. तिथलं तिथंच सोडून येतो. "चाय पियव, जुड़ावत हे."

तिनं थंड होत चाललेला चहा संपवला. पाच वाजत आले होते, त्यांची वेळ झाली होती, आणि तिथं आम्हाला बसता येत नव्हतं. चौघांतला एकजण खिशात हात घालू लागला, पण सियाराम भैयांनी त्याला अडवलं आणि माझ्याकडे बोट केलं. तेवढं त्यांनी देऊ दिलं. सहा चहाचे साठ रुपये मी टपरीवाल्याला दिले.